नगरच्या वह्या कोण वाचतो?

१८७५ च्या उन्हाळ्यात पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत तालुक्यांतल्या काही गावांत शेतकरी सावकाराच्या दारात जमले आणि त्यांनी एकच मागणी केली : कागद बाहेर काढा. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात पहिली ठिणगी पडली होती. (हे सुपे भीमथडी तालुक्यातले. नगर-पुणे रस्त्यावरचे, औद्योगिक वसाहतीमुळे आज सर्वांना ठाऊक असलेले पारनेर तालुक्यातले सुपा वेगळे. नावामुळे गल्लत होते.) सावकाराने कर्जरोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे मुकाट्याने काढून दिले, तिथे लोकांनी ते जाळले आणि ते घरी गेले. माणसांवर हात फार थोड्या ठिकाणी टाकला गेला. तरी एकट्या नगर जिल्ह्यात ३९२ जणांना अटक झाली आणि त्यांतल्या २०० जणांना शिक्षा झाली. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगानेही लिहून ठेवले, की रोखे मिळवून नष्ट करणे हाच जमावाचा उद्देश होता.

सावकाराच्या घरात धान्य होते, दागिने होते, रोकड होती. मग माणसे कागदांवरच का तुटून पडली?

कारण हिशेबाच्या रीतीत दडलेले होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू कुळाला दिलासा देण्याचा होता, पण झाले उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार जुना रोखा रद्द करून नवा लिहून घेई आणि साचलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून चढे. समजा, शंभर रुपये दरमहा शेकडा दोन दराने घेतले. तीन वर्षांनी नवा रोखा होतो १७२ रुपयांचा. आणखी तीन वर्षांनी तोच आकडा २९५ रुपये १३ आण्यांच्या वर जातो, आणि कुळाच्या हातात मधल्या काळात एक छदामही नवा आलेला नसतो. व्याज मुद्दलाहून जास्त वसूल करू नये, असा दामदुपटीचा जुना नियम होता. पण दर तीन वर्षांनी मुद्दलच बदलत असेल, तर तो नियम धरायचा कुठे? कुळाने रोख्याखाली नांगराची निशाणी काढलेली असे. रोखा मोडीत, सावकाराची वही बहुधा महाजनी वळणाची. ज्याचे घर त्या कागदावर टांगलेले, त्यालाच तो वाचता येत नव्हता.

नगर जिल्ह्यातल्या हिशेबाचा इतिहास सांगायचा तर तो या एका प्रश्नाभोवती सांगावा लागतो : वही लिहितो कोण आणि वाचतो कोण. आज कापड बाजारातल्या दुकानात टॅली चालते, आडते बाजारात मोबाइलवर उधारी टिपली जाते, दूध संकलन केंद्रावर यंत्रातून पावती निघते. साधने बदलली, प्रश्न तसाच आहे.

हिशेबाचे वळण या मुलखाला फार जुने. अहमद निजामशाहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस नगर वसवायला घेतले. त्याच सुमारास, १४९४ मध्ये, व्हेनिसला लुका पाचोलीचा गणितावरचा ग्रंथ छापून निघाला आणि त्यातल्या एका भागात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत पहिल्यांदा छापील रूपात मांडली गेली. इकडे निजामशाही मुलखात रोजकीर्द आणि खतावणी या जोडीवर कारभार चालत होता. कीर्दीत दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने लिहायचे. मग एकेक रकम उचलून ज्याची त्याच्या नावावर खतावणीत मांडायची. वर्षाअखेर ताळेबंद. कीर्दीची बेरीज आणि खतावणीतल्या बाक्या जुळल्या नाहीत, तर चूक सापडेपर्यंत उठायचे नाही.

या शिस्तीची सर्वांत सुंदर कथा निजामशाहीतलीच आहे. देवगिरीचा किल्ला तेव्हा नगरच्या सत्तेखाली होता आणि जनार्दनस्वामी तिथे किल्लेदार होते. त्यांनी शिष्य एकनाथांकडे हिशेबाचे काम सोपवले. एका पैचा मेळ बसेना म्हणून एकनाथ रात्रभर दिव्यापाशी बसून राहिले, आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवून उठले, अशी आख्यायिका घरोघर सांगितली जाते. ती आख्यायिकाच आहे. पण महाराष्ट्राने आपल्या एका थोर संताच्या एकाग्रतेची खूण म्हणून हिशेबाच्या वहीतली एक पै निवडली, यावरून त्या कामाला समाजात किती मान होता ते दिसते.

गावात हे काम कुलकर्ण्याचे. पेठेत मुनीम किंवा दिवाणजीचे. मांडी घालून, पुढे उतरते मेज घेऊन बसणाऱ्या या माणसांचे खरे भांडवल होते पाठांतर. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, बारा पै. म्हणजे एका रुपयाच्या १९२ पै. शेर, पायली, मण यांची मापे वेगळी. हे सगळे तोंडी सोडवण्यासाठी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेतली जाई. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि या पाठांतराची गरज हळूहळू संपली. त्यानंतर काही वर्षांतच मेट्रिक वजने आली. ज्या मुनिमाने उभे आयुष्य आणे-पै जुळवण्यात घालवले, त्याच्यासाठी तो बदल पुढे आलेल्या संगणकापेक्षा लहान नव्हता.

जिल्ह्याला आता ज्यांचे नाव मिळाले आहे, त्या अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. जन्म १७२५ चा. काशी-सोमनाथपासून देशभर पसरलेली त्यांची मंदिरे आणि घाट सर्वांना माहीत असतात. हा खर्च कुठल्या खात्यातून झाला, हे फार थोड्यांना माहीत असते. होळकरांच्या कारभारात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ अशी दोन वेगळी खाती होती. फौज आणि राज्याचा खर्च दौलतीकडे. खासगीचे उत्पन्न वेगळे आणि अहिल्याबाईंच्या हातात. धर्मकार्याचा खर्च त्यांनी खासगीतून केला. छोट्या दुकानदाराला आजचा कोणताही करसल्लागार पहिला धडा हाच देतो, की घरचा आणि दुकानाचा पैसा वेगळा ठेव. गल्ल्यातून किराणा, मुलीची फी आणि पाहुण्यांचा चहा सुटत गेला, तर महागातली महाग आज्ञावलीसुद्धा नफा सांगू शकत नाही. ज्या मातीने अहिल्याबाई दिल्या, तिथल्या व्यापाऱ्याने तरी हा धडा बाहेरून शिकण्याची गरज नाही.

१८७५ च्या आगीनंतर सरकारला चार वर्षांत कायदा करावा लागला. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी होता. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने बंद केले, रोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा अशी व्यवस्था केली आणि न्यायाधीशाला रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता व्यवहार पहिल्यापासून उकलून पाहण्याचा अधिकार दिला. पण त्यातली सर्वांत दूरदृष्टीची कलमे फारशी कुणाच्या लक्षात नाहीत. शेतकऱ्याने पैसे भरले की लेखी पावती मिळवण्याचा त्याचा हक्क. वर्षातून एकदा खात्याचा उतारा मागण्याचा हक्क. आणि पासबुकात हिशेब लिहून मागण्याचा हक्क. बँक ही गोष्ट खेड्याने पाहिलीही नव्हती, त्या काळात नगरच्या शेतकऱ्याला कायद्याने पासबुक मिळाले होते.

कागदावर मिळाले होते, असे म्हणणे जास्त खरे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून वर्षानुवर्षे या जिल्ह्यांत फिरती केली, खालच्या कोर्टांचे काम तपासले. तरी पळवाटा निघाल्याच. कर्जाऐवजी जमिनीचे खरेदीखत लिहून घ्यायचे आणि तोंडी ठरवायचे, की पैसे फिटले की जमीन परत. वहीत कर्जच दिसत नाही, मग उतारा कशाचा मागायचा? उतारा मागण्यासाठी वाचता यावे लागते, आणि वाचता येणाऱ्यालाही पुन्हा कर्ज लागणारच असते, म्हणून तो गप्प बसतो. पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने सावकाराला ठरावीक नमुन्यात रोजमेळ व खातेवही ठेवणे आणि कुळाला दरवर्षी हिशेब देणे बंधनकारक केले. म्हणजे १८७९ ला जो मागितल्यावर मिळायचा हक्क होता, तो सावकाराचे कर्तव्य व्हायला ६७ वर्षे लागली.

या जिल्ह्याने शोधलेले खरे उत्तर मात्र कायद्याबाहेरचे होते : वहीच सर्वांच्या मालकीची करायची. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी आधी गावात सहकारी पतसंस्था चालवली आणि मग आसपासच्या शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करून प्रवरानगरचा साखर कारखाना उभा केला. १९५०-५१ चा त्याचा पहिला गळीत हंगाम. पहिले अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्यांच्या कारखान्याच्या डोक्यावर अर्थशास्त्रज्ञ बसवण्यात फार मोठे शहाणपण होते. सहकारी संस्थेचे लेखापरीक्षण कायद्याने सक्तीचे. वार्षिक सभेत अहवाल आणि ताळेबंद सभासदांपुढे ठेवावा लागतो. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी नांगराची निशाणी काढली होती, त्यांच्या हातात छापील ताळेबंद आला, आणि सभेत उठून ‘पान नंबर अमुकवरच्या खर्चाचा खुलासा करा’ असे विचारण्याची सोय झाली. नगर जिल्ह्यातल्या वार्षिक सभा गाजतात, रात्रीपर्यंत चालतात, कधी गोंधळात संपतात. त्या गोंधळाला नावे ठेवण्याआधी १८७५ आठवावे.

ताळेबंद छापून आला म्हणजे सगळे झाले, असेही नाही. १९१० साली सुरू झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. पुरेसे भांडवल आणि उत्पन्नाची शक्यता उरली नसल्याचे कारण दिले. शतकाहून जुन्या संस्थेचे ताळेबंद दरवर्षी निघत होते. ज्यांची आयुष्यभराची ठेव ठेव-विम्याच्या पाच लाखांच्या मर्यादेवर होती, त्यांच्यासाठी हा विषय इतिहासाचा नाही.

पेठेतल्या वहीत संगणक शिरला तो बंगळुरूमार्गे. श्यामसुंदर गोएंका यांचा गिरण्यांना यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याचा व्यवसाय होता. स्वतःच्या हिशेबासाठी मनाजोगी आज्ञावली मिळेना, तेव्हा त्यांचा मुलगा भरत याने ती लिहायला घेतली. १९८६ मध्ये कंपनी सुरू झाली आणि टॅलीचा जन्म झाला. त्या काळच्या आज्ञावल्यांत प्रत्येक खात्याला सांकेतिक क्रमांक द्यावा लागे. टॅलीने तो काढून टाकला. खात्याचे नाव लिहा, जसे खतावणीत लिहिता तसे. भारतीय दुकानदाराला आणि त्याच्या मुनिमाला ही गोष्ट लगेच उमगली, कारण आत सगळे ओळखीचे होते : रोजमेळ, खाती, नावे-जमा, शेवटी ताळेबंद. २००५ चा मूल्यवर्धित कर आणि १ जुलै २०१७ चा जीएसटी यांनी उरलेल्यांनाही संगणकाकडे ढकलले. टॅली शिकवणारे क्लास तालुक्याच्या गावी पोहोचले आणि बी.कॉम. झालेल्या कित्येक मुलामुलींची पहिली नोकरी त्याच पडद्यावर सुरू झाली.

जीएसटीने एक गोष्ट मुळातून बदलली. पूर्वी दुकानदाराची वही त्याच्यापुरती असे. आता पुरवठादाराने आपले विवरणपत्र भरले, की ते बिल खरेदीदाराच्या २-बी तक्त्यात, दर महिन्याच्या १४ तारखेला, दिसते. जानेवारी २०२२ पासून नियम असा, की तिथे दिसेल तेवढ्याच बिलांवरच्या कराची वजावट. म्हणजे संगमनेरच्या ठोक व्यापाऱ्याने विवरण भरायला उशीर केला, तर भुर्दंड नगरच्या किरकोळ दुकानदाराला. त्यामुळे महिन्यातून एकदा आपल्या खरेदीची यादी आणि २-बी समोरासमोर ठेवून जुळवणे हे आजच्या दुकानदाराचे सर्वांत फायद्याचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. एकनाथांच्या पैइतकाच हा मेळ चिकाटीने बसवावा लागतो.

उधारीचेही तसेच. २०१८ नंतर खाताबुकसारखी मोबाइल साधने मराठीत आली. नोंद झाली की गिऱ्हाइकाला लगेच संदेश जातो. वरवर छोटी वाटणारी ही सोय खरे तर फार मोठी आहे : लिहिणारा आणि देणेकरी एकाच वेळी एकच आकडा पाहतात. दूध संकलन केंद्रावर हेच झाले. पूर्वी लिटर आणि फॅट केंद्रचालकाच्या वहीत लिहिले जाई. आता काटा आणि फॅटचे यंत्र संगणकाला जोडलेले असते आणि शेतकरी छापील पावती घेऊन घरी जातो. कांद्याच्या पट्टीवर हमाली, तोलाई, वाराई वेगवेगळी दिसते आणि शेतकरी ती दिव्याखाली धरून वाचतो. फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, हा २०१६ चा निर्णय झाला त्यामागेही पट्टीवरची ती एक ओळ वर्षानुवर्षे डोळ्यांत खुपत होती. गावोगावच्या विकास सोसायट्यांच्या वह्याही आता संगणकावर येत आहेत. देशभरातल्या ६३ हजार प्राथमिक सोसायट्यांसाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना केंद्र सरकारने २०२२ मध्ये मंजूर केली.

हिशेब उघडा करण्याचा आग्रह या जिल्ह्याने पैशापलीकडेही नेला आहे. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने महाराष्ट्राला २००२ चा माहिती अधिकाराचा कायदा मिळाला, देशाच्या कायद्याच्या तीन वर्षे आधी. हिवरेबाजारात पोपटराव पवार आणि गावकरी दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, आणि उरलेल्यात कोणते पीक घ्यायचे. हा हिशेब ग्रामसभेत सर्वांसमोर होतो, आणि म्हणूनच कमी पावसाच्या वर्षी पीक बदलायचा निर्णय गाव पाळते. राळेगणसिद्धी पारनेर तालुक्यात, हिवरेबाजार नगर तालुक्यात. हे दोन्ही तालुके १८७५ च्या यादीतले आहेत.

या सगळ्या वाटचालीत एक धोका नव्याने वाढतो आहे. अनेक दुकानांत टॅली आहे, पण मालकाला ती उघडता येत नाही. बिलांचा गठ्ठा महिन्यातून एकदा हिशेबनिसाकडे जातो, कराचा आकडा फोनवर येतो, मालक तो भरतो. सांकेतिक शब्द हिशेबनिसाकडे, डेटाची प्रत त्याच्याच संगणकात. वही घरची असून मालक तिला परका झाला. हिशेबनीस सचोटीचा असला तरी ही रीत चुकीची आहे. मालकाने रोजची रोकड, बँकेची बाकी आणि नव्वद दिवसांपेक्षा जुनी उधारी हे तीन आकडे स्वतः पडद्यावर पाहायला शिकावे. त्याला आठवड्याभराचा सराव पुरतो. डेटाची एक प्रत दुकानाबाहेर, स्वतःच्या ताब्यात ठेवावी. प्रत्येकाला वेगळे लॉगिन द्यावे. नोंद कुणी, कधी बदलली याचा माग ठेवणारी सोय कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची झाली आहे. एकट्या मालकाच्या दुकानाला किंवा भागीदारीला ती सक्ती नाही, तरी टॅलीत ती आहे आणि ती सुरू ठेवावी.

आणि एक विनंती. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, पाथर्डी इथल्या जुन्या पेढ्यांच्या माळ्यांवर लाल कापडात बांधलेल्या वह्या अजून आहेत. संगणक आला, घर पाडायला निघाले, की त्या रद्दीत जातात. त्यांत कापडाचे भाव आहेत, बाजरीचे भाव आहेत, दुष्काळातली उधारी आहे, कुणाकुणाचे कर्ज माफ केले तेही आहे. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी कागद जपलेले आहेत आणि मोडी वाचणारी माणसे जिल्ह्यात अजून आहेत. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एक वही त्यांना दाखवावी. राजांची दप्तरे सरकारने सांभाळली. पेठेच्या वह्या सांभाळणारे मात्र त्या घरांतल्या माणसांशिवाय दुसरे कुणी नाही.